डोळे आलेत, आता कुठला ड्रॉप टाकू?

पाऊस सुरू झाला आणि सदराच्या मेलबॉक्समध्ये एकच विषय, डोळे आलेत. त्यातही आजाराबद्दल विचारणारे कमी आणि ड्रॉपबद्दल विचारणारेच जास्त, म्हणून यावेळचं सगळं सदर ड्रॉपवरच घालवायचं ठरवलं. नावं काढून टाकलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे. रविवारी एक डोळा लाल झाला, सोमवारी दुसरा. मेडिकलवाल्याने मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचा ड्रॉप दिला, दिवसातून चार वेळा टाकतेय, आज चौथा दिवस, पण लाली तशीच आणि पाणी पण तसंच. बदलून स्ट्राँग काहीतरी घेऊ का? शाळेतून रोज विचारतायत कधी पाठवताय म्हणून. (एक आई, चिंचवड)

उत्तर: स्ट्राँग काही घेऊ नका ताई. तुमचा ड्रॉप कमजोर नाहीये, तो वेगळ्याच शत्रूसाठी बनवलाय. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, ते बॅक्टेरिया मारतं, आणि पावसाळ्यात साथीने जे डोळे येतात ते बहुतेक वेळा व्हायरसमुळे. त्यात अडेनोव्हायरस सगळ्यात जास्त, आणि अधूनमधून एन्टेरोव्हायरस. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत शाळकरी पोरांमध्ये एकदम साथ पसरली होती आठवत असेल, तुमच्या जवळच की, तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, नमुने तपासले त्यात एन्टेरोव्हायरसच निघाला होता. ही मंडळी जुनीच आहेत. १९६९ मध्ये आफ्रिकेत घानामध्ये अशीच मोठी साथ आली, त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला म्हणून लोकांनी तिला अपोलोचा आजार म्हणायला सुरुवात केली, आणि १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी कलकत्त्यात डोळ्यांची साथ आली तर तिचं नाव पडलं जय बांगला. आणि एवढी वर्षं होऊनही या व्हायरसना मारणारा असा खास ड्रॉप दुकानात मिळत नाही. शरीरच त्यांचा निकाल लावतं, साधारण एक ते दोन आठवड्यांत, आणि तिसऱ्या चौथ्या पाचव्या दिवशी तर उलट जास्तच वाटतं. नेमका तेव्हाच आईबापांचा धीर सुटतो आणि ड्रॉप बदलला जातो, मग दोन दिवसांनी आपोआप उतार पडतो आणि क्रेडिट दुसऱ्या ड्रॉपला.

मग डॉक्टर तरी अँटिबायोटिक का देतात? कधी कधी वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन बसतं, पिवळा घट्ट चिकट पू यायला लागतो, सकाळी पापण्या उघडतच नाहीत, तेव्हा ते बरोबर असतं. पण खरं सांगायचं तर पुष्कळदा समोरच्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणूनही लिहिलं जातं, हे आमच्या व्यवसायातलं उघड गुपित आहे. साइड इफेक्ट म्हणाल तर मॉक्सिफ्लॉक्सॅसिनने थोडी जळजळ, कोरडेपणा, तोंडाला वाईट चव, एवढंच बहुतेकांना. सिप्रोफ्लॉक्सॅसिन सारखा टाकला तर काही वेळा बुबुळावर पांढरट कण साचतात. निओमायसिन असलेल्या ड्रॉपची ॲलर्जी बऱ्याच जणांना येते, पापण्या सुजतात, खाजतात, आणि माणसाला वाटतं आजार वाढला म्हणून तो आणखी ड्रॉप टाकतो, मग आणखी सूज. क्लोरॅम्फेनिकॉलने फार फार क्वचित रक्त तयार होण्यावर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून घरात कुणाला रक्ताचा तसा आजार झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मुलासाठी आत्ता काय कराल, तर थंड पाण्याच्या स्वच्छ घड्या, उकळून गार केलेल्या पाण्याने आणि कापसाने पापण्या पुसणं, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नाही, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा. हात साबणानेच धुवा, अडेनोव्हायरसवर सॅनिटायझर तेवढा चालत नाही. चालू ड्रॉपचं काय करायचं ते ज्यांनी मुलाला प्रत्यक्ष बघितलंय अशा डॉक्टरांनी सांगू दे, मेडिकलच्या काउंटरवरून डोळा तपासता येत नाही. आणि शाळेला सांगा, पाणी आणि लाली ओसरेपर्यंत घरीच.

प्रश्न: वय ५६, शुगर आहे. डोळे आले तेव्हा शेजाऱ्यांकडे उरलेली बाटली होती, दोन थेंब टाकले, सकाळी डोळा एकदम पांढरा! तेव्हापासून जरा लाल वाटलं की टाकतो, आता दोनेक महिने झाले असतील. सध्या वाचताना धूसर वाटतं. परवा नवीन बाटली घ्यायला गेलो तर दुकानातला मुलगा म्हणाला काका याच्यात स्टिरॉइड आहे. घाबरलोय. बंद करू का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: काका, आधी कामाचं. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, जुनी बाटली किंवा तिचा खोका खिशात घालून न्या, आणि डोळ्याचं प्रेशर तपासून द्या असं तोंडाने सांगा. तोवर नवीन बाटली आणू नका. जे रोज नियमाने बरेच दिवस टाकतायत त्यांना डॉक्टर सहसा थेंब हळूहळू कमी करत बंद करायला सांगतात, तुमचं अधूनमधून चाललंय, तेव्हा कसं थांबवायचं ते डोळा बघूनच ठरेल. पण अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची घेऊ नका. आणि डोळा दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, डोकं धरून उलटीसारखं झालं, तर त्याच दिवशी जायचं.

आता त्या पांढऱ्या डोळ्याबद्दल. स्टिरॉइडने व्हायरस मरत नाही. लाली, सूज, पाणी ही सगळी आपल्या शरीराने व्हायरसशी केलेली मारामारी असते, स्टिरॉइड ती मारामारी दाबून टाकतं. लाली रात्रीत गेली म्हणजे आजार गेला असं अजिबात नाही, उलट व्हायरस डोळ्यात जास्त दिवस रेंगाळू शकतो आणि तुम्ही आपले बरे झालो म्हणून लग्नाकार्यात फिरत असता. आणि तुमचे डोळे साध्या व्हायरसने आले नव्हते, नागिणीच्या नात्यातला तो हर्पीस असतो ना, ओठावर फोड आणणारा, तो डोळ्यात होता असं समजा, तर स्टिरॉइडने बुबुळावरची जखम पसरत जाऊन कायमचा पांढरा डाग राहू शकतो. बाहेरून दोन्ही लाल डोळे सारखेच दिसतात, फरक स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या डॉक्टरांच्या मशीनखाली, बघितल्यावर कळतो. शेजाऱ्याच्या बाटलीला तो कुठून कळणार?

दुसरा धोका प्रेशरचा. स्टिरॉइडचा ड्रॉप काही आठवडे सलग गेला तर साधारण तीनातल्या एका माणसाचं डोळ्याचं प्रेशर थोडंफार वाढतं, आणि काही थोड्यांचं फारच वाढतं. नॉर्मल १० ते २१ मिमी पाऱ्याच्या आसपास असतं. प्रेशर वाढून डोळ्याची नस खराब होते, तोच काचबिंदू. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे, ज्यांना शुगर आहे, ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, त्यांना जास्त सांभाळायचं. यात बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही, काहीच होत नाही, नजर कडेकडेने कमी होत जाते आणि मेंदू ते भरून दाखवतो, त्यामुळे माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. शिवाय जास्त दिवस स्टिरॉइड गेलं की मोतीबिंदू लवकर धरतो. तो निदान ऑपरेशनने काढता तरी येतो. तुमचं धूसर दिसणं यातलं काही असेल, शुगर वरखाली झाल्याने असेल किंवा नुसता चष्म्याचा नंबर बदलला असेल, ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

सगळ्याच वाचकांसाठी, खोक्यावर बारीक अक्षरात काय काय घातलंय ते छापलेलं असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं काहीही दिसलं की ते स्टिरॉइड. शेवटचे दोन प्रेशर कमी वाढवतात, पण अजिबात वाढवत नाहीत असं नाही. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकाच बाटलीत असलेले ड्रॉप आपल्याकडे धो धो विकले जातात, आणि लोक त्यांना अँटिबायोटिकचा ड्रॉप म्हणूनच ओळखतात, खरी गोम तिथे आहे. नावाच्या शेवटी डी किंवा तसलं काही शेपूट असतं बऱ्याचदा, पण त्यावर विसंबू नका, आतली नावं वाचा. अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड असलेले डोळ्याचे ड्रॉप कायद्याने शेड्यूल एच किंवा एच१ या याद्यांमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचेच नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही आम्ही सगळेच बघतो.

प्रश्न: इथे डोळे आले म्हणून डॉक्टरकडे गेले तर त्यांनी एकही औषध दिलं नाही, म्हणे घरी जा, थंड शेक घ्या, आर्टिफिशियल टिअर्स टाका. नाशिकहून आई रोज व्हिडिओ कॉलवर ओरडतेय की असला कसला डॉक्टर, कुरिअरने ड्रॉप पाठवते. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: आईंना सांगा डॉक्टर चांगला आहे, कुरिअरचे पैसे वाचवा. साध्या व्हायरल डोळ्यांना एवढंच लागतं. आर्टिफिशियल टिअर्स म्हणजे कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज वगैरे घातलेलं वंगण, त्याने टोचणं कमी होतं. टाकल्यावर मिनिटभर धूसर दिसतं, तेवढ्यात गाडी चालवू नका. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते दिवसातून सात आठ वेळा गेलं तर डोळ्याचा वरचा थर त्यानेच चिडतो. म्हणजे जास्त वेळा टाकायचं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह फ्री घ्या, छोट्या एकदा वापरायच्या कुप्या मिळतात, उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवायची नाही. ही भीती उगाच नाही, तुमच्याकडेच २०२३ मध्ये भारतात बनलेले प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले टिअर्स दूषित निघाले होते आणि स्यूडोमोनास बॅक्टेरियाने काही लोकांची नजर गेली, काहींचा जीवही गेला. म्हणून साधे टिअर्स असले तरी सीलबंद, तारीख बघून, ओळखीच्या दुकानातून.

प्रश्न: ड्रॉप टाकला की घशात कडू कडू लागतं, औषध पोटात जातंय का? आणि मिस्टर म्हणतात एकाने काय होतंय, तीन तीन थेंब टाक. बाटली एकच आहे, घरातले चौघेही तीच वापरतोय. (एक गृहिणी, नागपूर)

उत्तर: चौघांत एक बाटली हे आजच बंद करा बाकीचं नंतर. बाटलीचं टोक पापणीला लागतं, तुमचा व्हायरस त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे अशी फिरती ट्रॉफी होते.

कडू लागतं कारण डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक नळी थेट नाकात उतरते आणि तिथून घशात. थोडं औषध त्या वाटेने जातंच. ड्रॉप टाकून झाला की डोळा हलकेच मिटा, तो कोपरा बोटाने मिनिट दोन मिनिटं दाबून धरा, औषध डोळ्यात टिकतं आणि कडूपणाही जातो. लहान मुलांना तर हे जरूर करा. थेंब एकच. खालच्या पापणीच्या खोबणीत एका थेंबालाच पुरती जागा नसते, दुसरा तिसरा गालावरून ओघळतो आणि गालाची कातडी मात्र लाल होते. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. आणि बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहा, महिना झाला की अर्धी भरलेली असली तरी कचऱ्यात. मला माहितीये हे जिवावर येतं.

प्रश्न: सासूबाई बाळंतिणीचं दूध, मध, गुलाबपाणी, काही ना काही डोळ्यात घालायचं म्हणतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: घालू नका. यातलं एकही निर्जंतुक नसतं. दुधात जंतू मजेत वाढतात, मध झोंबतो आणि त्यातही जंतू असू शकतात, बाटलीतलं गुलाबपाणी तर वासापुरतं बनवलेलं असतं. लिंबू, कांद्याचा रस, तुरटी याने बुबुळाचा वरचा थर भाजतो, तसे डोळे घेऊन लोक येतात आणि मूळ आजारापेक्षा त्या उपायाचीच ट्रीटमेंट करावी लागते. तुम्ही असं करा, सासूबाईंना थंड पाण्याच्या घड्या ठेवायचं काम द्या. त्याने खरंच बरं वाटतं, आणि त्यांना घरात कुणी आपलं ऐकत नाही असंही वाटणार नाही.

प्रश्न: शनिवारी साखरपुडा आहे आणि डोळे टोमॅटोसारखे. लाली घालवणारे ड्रॉप मिळतात ते टाकू का? लेन्स लावायच्या आहेत. (कोल्हापूर)

उत्तर: लेन्स नाही म्हणजे नाही. डोळे पूर्ण बरे होईपर्यंत नाही, आणि आजारात घातलेली लेन्स डबीसकट टाकून द्यायची. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखत असेल तर ते साधे डोळे येणं नसून बुबुळाचं इन्फेक्शनही असू शकतं, म्हणून तुम्ही एकदा दाखवूनच या.

लाली घालवणाऱ्या ड्रॉपमध्ये नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन असतं, ते रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आवळतं. दोन चार तास फोटो छान येतील, मग असर उतरला की लाली दुपटीने परत, की पुन्हा टाका, असं चक्र लागतं. ब्लड प्रेशर, हार्ट किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांनी विचारल्याशिवाय टाकूच नयेत आणि लहान मुलांच्या हाताला तर लागूच देऊ नयेत, पोटात गेले तर मूल गुंगीत जाऊ शकतं. साखरपुड्याला चष्मा लावून जा. गॉगल लावलात तरी चालेल, पण गॉगलने साथ पसरायची थांबत नाही, नुसतं बघूनही कुणाचे डोळे येत नाहीत, हात मिळवून आणि रुमाल शेअर करून येतात. तेव्हा पेढा दुसऱ्या कुणाला तरी भरवायला सांगा.

प्रश्न: डोळे येऊन गेले, लाली गेली, पण तीन आठवड्यांनी आता दिवे फुटल्यासारखे दिसतात आणि धूसर. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा ड्रॉप लिहून दिलाय. इंटरनेटवर स्टिरॉइड विष आहे असं वाचलं, टाकू की नको? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: टाक. बार्शीच्या काकांना मी जे सांगितलं ते वाचून घाबरू नकोस, तुझी केस वेगळी आहे. अडेनोव्हायरसच्या काही प्रकारांत आजार ओसरल्यावर बुबुळात बारीक पांढरे ठिपके उमटतात, ते व्हायरसचे नसतात, शरीराच्या उरलेल्या रिॲक्शनचे असतात, आणि नजर फारच धूसर असेल तर तिथे सौम्य स्टिरॉइडच लागतं. तसंच पापणीच्या आतून पांढरा पडदा धरला तरी लागतं. फरक एवढाच की तुझ्या डॉक्टरांनी मशीनवर बघून लिहिलंय, किती दिवस टाकायचा आणि कसा कमी करायचा तेही लिहिलं असणार. ते वेळापत्रक पाळ, आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस कारण ठिपके परत उमटतात, आणि आपल्या मनाने लांबवूही नकोस. मध्ये प्रेशर तपासायला बोलावलं तर परीक्षा आहे म्हणून टाळू नकोस. ठिपके जायला कधी कधी काही महिने लागतात.

प्रश्न: बाळ १२ दिवसांचं आहे, डोळ्यातून पिवळं येतंय, पापण्या सुजल्यात. मोठ्या मुलीचा ड्रॉप घरात आहे तो टाकू का? (लातूर)

उत्तर: नको, आणि या अंकाचीही वाट बघू नका. तुम्हाला मेलवर लगेच कळवलंय तेच इथे बाकीच्यांसाठी, पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या डोळ्यातून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना. जन्माच्या वेळी लागलेलं इन्फेक्शन असू शकतं, त्यातली काही बुबुळ फार पटकन खराब करतात आणि तिथे नुसत्या ड्रॉपने भागत नाही.

प्रश्न: मला काचबिंदू आहे, रोज रात्री ड्रॉप टाकते. आता डोळे आलेत. सून म्हणते सगळे ड्रॉप बंद ठेवा. (एक आजी, डोंबिवली)

उत्तर: आजी, काचबिंदूचा ड्रॉप बंद करायचा नाही, डोळे बरे होईपर्यंत प्रेशर काही थांबून राहत नाही. डॉक्टरांना फोन करून डोळे आलेत एवढं सांगा, एखाद्या ड्रॉपने लाली वाढत असेल तर ते थोडे दिवस बदलून देतील. सध्या जी बाटली उघडी आहे तिचं टोक डोळ्याला लागलं असेल तर नवीन उघडा, आणि बरं वाटल्यावरही ही जुनी परत वापरायला घेऊ नका. साथीसाठी वेगळा काही ड्रॉप दिला तर दोन्हीत पाच मिनिटांचं अंतर. आणि सूनबाई ड्रॉप घालून देत असतील तर त्यांनी आधीही आणि नंतरही हात साबणाने धुवायचे, नाहीतर पुढच्या महिन्यात त्यांचंच पत्र येईल मला.